ओपीडी तुडुंब, मास्टर चार्ट रिकामा

नागपुरात पीजीला (डॉक्टरकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला) आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्याभरात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "अरे, आपल्याकडे पेशंटची काय कमी आहे!" थीसिसचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस, त्याचा विषय ठरवताना गाइड हेच म्हणतात, सिनियर हेच म्हणतात, आणि ओपीडीबाहेरची रांग बघून आपल्यालाही ते पटतं. छिंदवाडा-बालाघाटपासून गडचिरोली-आदिलाबादपर्यंतची माणसं इथे उपचाराला येतात, एका खाटेवर दोन-दोन पोरं झोपलेली आपण रोज बघतो. तेव्हा वाक्यात खोट काहीच नाही. पण त्याच्या भरवशावर सॅम्पल साइझ (अभ्यासात किती पेशंट घ्यायचे तो आकडा) ठरवली की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रडायची पाळी येते.

मी बालरोगात एमडी केलं. विषय सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा: हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध नव्याने सुरू केलेल्या मुलांचा सहा महिने पाठपुरावा. विदर्भात हा आजार इतका, की इथे बसून पेशंटच्या संख्येची चिंता कोण करतो? आम्हीही केली नाही.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच, म्हणून भराभर सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बीसीबीआर हा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी उरकून टाका. सर्टिफिकेटपुरता व्हिडिओ दुप्पट स्पीडवर पळवायचा असेल तर पळवा, पण सॅम्पल साइझचं लेक्चर तरी धड ऐका. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडल्याशिवाय एकही प्रोफॉर्मा, म्हणजे पेशंटच्या माहितीचा फॉर्म, भरायचा नाही. विषयात काही इंटरव्हेन्शन, म्हणजे अभ्यासासाठी पेशंटवर केलेला उपचार, असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी पहिला पेशंट घेण्याच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही, आणि "सर म्हणाले नंतर बघू" हे कारण लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

आता मुख्य गोष्ट. मी यात अडकले, माझ्यानंतरच्या बॅचमधलेही अडकले, म्हणून जरा लांबण लावते.

ओपीडीचं रजिस्टर भेटी मोजतं, पोरं मोजत नाही. दर महिन्याला औषध न्यायला येणारं एकच मूल वर्षात बारा वेळा त्या रजिस्टरात येतं. वर्षाच्या नोंदी ६०० दिसल्या आणि सगळे नियमित येणारे असले, तर प्रत्यक्षात मुलं ५०. सिनॉप्सिस लिहिताना ६०० बघून आपण खूश होतो. कुणी त्या नोंदी नावानिशी वेगळ्या करत बसत नाही. तुम्ही बसा. एक रविवार जाईल, जाऊ द्या.

मग पुढची गळती. रजिस्टरात "सिकलिंग पॉझिटिव्ह" लिहिलेले बरेच जण नुसते वाहक असतात, आजारी नसतात. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये नळीतलं मिश्रण गढूळ झालं म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. एएस (वाहक) की एसएस (आजारी) हे ती चाचणी सांगत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहकाला हायड्रॉक्सियुरियाची गरज नसते. म्हणजे ते सगळे यादीतून गेले. उरलेल्यांपैकी बरेच आधीपासून औषधावर असतात. आपल्याला नव्याने सुरू केलेले हवेत, म्हणजे तेही गेले. त्यानंतर रक्त चढवलेले. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीच्या ग्राफवर दात्याचं हिमोग्लोबिन ए दिसतं आणि मूळ आकडे कळत नाहीत. आमच्याकडे दाखल होणाऱ्या पोरांत असे किती असतात हे ज्याने वॉर्ड केलाय त्याला सांगायला नको.

आणि सगळ्यात चकवा देणारी गोष्ट अशी, की वॉर्डातलं दुखण्याने कळवळणारं पोर हाताशी असतं, पण त्या दिवशीचं त्याचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हे बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा सुरुवातीचा आकडा, धरता येत नाही. बेसलाइन लागते स्टेडी स्टेटची, म्हणजे क्रायसिस (दुखण्याचा झटका) नसतानाची. ते पोर बरं होऊन घरी जाणार, आणि काही आठवड्यांनी धडधाकट असताना परत येणार, तेव्हा ते आपल्या अभ्यासात. धडधाकट असताना कोण येतं?

रक्त चढवल्याच्या अडचणीवर रात्रीपाळीच्या जेआरला (ज्युनियर रेसिडेंट डॉक्टरला) एकच विनंती करून ठेवा. फिकट पडलेलं पोर रात्री दोनला येतं, ग्रुपिंगसाठी सुई टोचलीच जाते. त्याच टोचण्यात जांभळ्या झाकणाची एक ईडीटीए वायल जास्तीची भरून फ्रिजमध्ये ठेवायची, रक्ताची पिशवी लागायच्या आधी. तो नमुना निदानाला लागतोच, उपचार मिनिटभरही थांबत नाही. अभ्यासासाठी तो वापरायला मात्र संमती हवी आणि ही पद्धत प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली हवी. सकाळी राउंडला येऊन पाहाल तर पिशवी संपलेली असते, आणि मग तीन महिने थांबा. सिस्टरना नीट समजावून सांगितलं तर त्या जेआरपेक्षा जास्त लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव. एचपीएलसीच्या किट संपल्या की मशीन असून नसल्यासारखं, तेव्हा लॅबच्या टेक्निशियनशीही आधीच बोलून ठेवा. आमच्या वेळी ऐन मोक्यावर किट नव्हत्या आणि मागणीपत्र कुठल्या टेबलावर पडलंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यानंतर संमती. बाळाला घेऊन येते आजी. आई रोवणीला (भातलावणीला), बाप कामाला बाहेरगावी. आजी अंगठा द्यायला एका पायावर तयार असते, पण संमती आईबापाची किंवा कायदेशीर पालकाची लागते. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते, बारापुढे ती लेखी घ्यावी लागते. सही करता न येणारे पालक असतील तर त्रयस्थ साक्षीदार हवा. वॉर्डातल्या मावशींना दर वेळी उभं करू नका, कमिटीच्या तपासणीत एकच सही पानोपानी दिसते.

लुई लसान्या नावाच्या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाच्या नावाने या सगळ्याचा एक नियमच प्रसिद्ध आहे: अभ्यास सुरू झाला की पात्र पेशंट एकदम आटतात आणि अभ्यास संपला की पुन्हा दिसू लागतात. ऐकून हसू येतं. आपल्या थीसिसवर आलं की येत नाही.

इतकी गळती होऊन जे हाती लागतात, ते सहा महिने टिकायला हवेत, आणि खरी मेख इथे आहे. "लॉस्ट टू फॉलोअप" (पाठपुराव्यातून गळाला) असं मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या पेशंटच्या एकत्रित तक्त्यात, लिहिलं की आपण त्या पोराला विसरतो आणि उरलेल्यांचं गणित करतो. पण न आलेले कोण आहेत? मी फोन केला तेव्हा एका आईने सांगितलं, "पोट्टं आता चांगलं हाये मॅडम, मंग कायले येऊ?" म्हणजे औषध लागू पडलेलं पोर माझ्या अभ्यासातून गळालं. दुसऱ्या एका नंबरवर किराणा दुकानदार निघाला, "थे तं हैदराबादले गेले कामाले." तिसरीकडे फोन कुणी उचलतच नाही, आणि ते पोर जिवंत आहे का हेही आपल्याला कळत नाही. बरे झालेले जास्त गळाले असतील तर माझ्या आकड्यांत औषध आहे त्यापेक्षा कमी गुणकारी दिसेल. बिघडलेले जास्त गळाले असतील तर ते उगाच चमत्कारी दिसेल. आणि कुठले जास्त गळाले हे माहीत नसेल, तर कितीही सुंदर पी व्हॅल्यू (निकाल योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारा आकडा) आली तरी तिचा अर्थ लावता येत नाही. स्टॅटिस्टिशियनकडे यावर औषध नाही. ज्याचा डेटाच नाही त्याचं तो काय करणार? संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ साली भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या अध्यक्षीय भाषणातच सांगून ठेवलंय, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. तरी आपण संख्याशास्त्रज्ञासाठी पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाची पायरी चढतो ती डेटा गोळा करून झाल्यावर, हातात पेन ड्राइव्ह घेऊन.

तेव्हा गणितात गळती आधीच धरा, आणि बरोबर धरा. प्रमाण काढायचा साधा अभ्यास असेल, अपेक्षित प्रमाण ५० टक्के आणि चूक १० टक्क्यांपर्यंत चालणार असेल, तर नेहमीच्या सूत्राने जवळपास ९६ येतात. चूक ५ टक्क्यांवर आणली की तोच आकडा ३८४ होतो, म्हणून सिनॉप्सिसच्या मीटिंगमध्ये कुणी सहज "पाच टक्के करा" म्हटलं तर मान डोलवू नका. आता २० टक्के गळती धरायची, तर बरेच जण ९६ मध्ये २० टक्के मिळवून ११६ लिहितात. ११६ मधले २० टक्के गेले की उरतात ९३. ९६ ला ०.८ ने भागायचं, म्हणजे १२०. फरक चारच पेशंटचा वाटतो, पण ते चार मिळवायला शेवटच्या टर्ममध्ये किती धावपळ होते ते मला विचारा. आणि आपल्याकडे लांबून येणाऱ्या मुलांच्या अभ्यासात २० टक्के गळती हा फार आशावादी अंदाज आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाबरवते आहे असं वाटेल. पण यातलं बरंच आधी ठाऊक असेल तर आटोक्यात येतं. पाठपुराव्याची तारीख औषध न्यायच्या तारखेलाच जोडा, वेगळी फेरी मागू नका. हायड्रॉक्सियुरियावर सीबीसी नियमित करावंच लागतं, त्याच रक्तात तुमचं काम होतं. नंबर दोन घ्या, आणि फोन कुणाचा आहे हे शेजारी लिहा. गावाच्या आशाताईंचा नंबर मिळाला तर सोनं. प्रवासखर्च द्यायचा विचार असेल तर तो प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून लिहा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा आहे, फक्त रक्कम कमिटीने मान्य करावी लागते. मध्येच सुचलं म्हणून खिशातून वाटू नका.

शेतीचं वेळापत्रक तर प्रोफॉर्माला टाचून ठेवा. जून-जुलैत पेरणी आणि रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग भंडारा-गोंदियाकडे धान कापणी, उन्हाळ्यात गडचिरोलीकडे मोहफूल आणि पाठोपाठ तेंदूपत्ता. या दिवसांत दिलेली तारीख म्हणजे न दिल्यासारखीच. तान्ह्या पोळ्याची स्थानिक सुट्टी विसरून आमच्या एका मित्राने पेशंट बोलावले होते. ओपीडी बंद, आणि लोक मारबतीची मिरवणूक बघून परत गेले. तेवढा तरी फायदा झाला म्हणायचा.

गाइडबद्दल बोलू का? नाव मोठं असलेल्या सरांच्या मागे धावायची आपल्याकडे रीत आहे. मला विचाराल तर जे असोसिएट प्रोफेसर तुमचा प्रोफॉर्मा लाल पेनाने रंगवून दोन दिवसांत परत देतात, ते धरा. कॉन्फरन्सला परदेशी गेलेल्या गाइडच्या सहीसाठी केबिनबाहेर उभं राहण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. तरी एक कबूल करते, त्याच सरांनी विषय मात्र असा दिला की आजही मी त्यात काम करते आहे.

आणि पैसे घेऊन थीसिस लिहून देणारे, डेटा "भरून" देणारे भेटतीलच. दूर राहा. भरलेला डेटा ओळखू येतो: वजनं सगळी शून्य किंवा पाचने संपणारी, फॉलोअप सगळे ठरल्या दिवशीच, रविवारीसुद्धा. परीक्षकाने मास्टर चार्टवर नुसतं बोट फिरवलं तरी घाम फुटेल. पैसे दिले की छापणाऱ्या जर्नलबद्दलही हेच म्हणेन. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमात पोस्टर किंवा पेपर सादर केलेला चालतो, राज्य परिषदेत एक बरं पोस्टर लावा आणि मोकळे व्हा.

नमुना कमी पडला तर पदवी अडत नाही. किती मुलं तपासली, किती कुठल्या कारणाने वगळली, किती गळाली, हे आकडे पहिल्या पानावर आकृतीत मांडा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) माझी सगळ्यात लांब आणि सगळ्यात बरी चर्चा त्या आकृतीवरच झाली. पदवी अडते ती थीसिस वेळेत न गेल्याने, आणि तो लेखी परीक्षेच्या सहा महिने आधी जमा व्हावा लागतो. त्यामुळे शेवटचा पेशंट कधी घ्यायचा ते उलटं मोजून ठरवा: जमा करायची तारीख, त्याआधी लिखाणाचे दोन-तीन महिने, त्याआधी पाठपुराव्याचे सहा. म्हणजे पेशंट घ्यायला खरं तर जेमतेम वर्ष सव्वा वर्ष मिळतं, आणि त्यातली सुरुवात कमिटीची मंजुरी येण्यात जाते. म्हणून वगळलेल्यांची वही मंजुरी आल्या दिवसापासून सुरू करा, वगळण्याच्या कारणासकट. नंतर आठवून लिहिता येत नाही.

न आलेल्यांना फोन करायचे ते संध्याकाळी सातनंतर. दिवसा माणसं शेतात असतात आणि फोन घरी चार्जिंगला.