ब्राझीलमध्ये कोणाला काय म्हणावे

ब्राझीलमध्ये गेलेल्या मराठी माणसाची पहिली चूक बहुधा आदरापोटीच होते. आपण एकट्या वडीलधाऱ्यालाही अनेकवचनाने मान देतो. तोच नियम पोर्तुगीजला लावून समोरच्या आजोबांना ‘वोसेस’, म्हणजे अनेकांना उद्देशून ‘तुम्ही’, म्हटले, तर आणखी कोण आले आहे ते पाहायला ते मागे वळतील, कारण तिथे अनेकवचन केवळ संख्या सांगते.

बरोबरीच्या व्यक्तीशी, सहकाऱ्याशी किंवा दुकानदाराशी बोलताना ‘वोसे’, म्हणजे त्याच शब्दाचे एकवचन, म्हणावे. हा शब्द ‘वोसा मेर्से’ या जुन्या बहुमानार्थी संबोधनाचा झिजून राहिलेला अवशेष आहे, मात्र आज त्यात दरबारी काही उरलेले नाही. ज्येष्ठ अनोळखी व्यक्तींना पुरुष असल्यास ‘ओ सेन्योर’ आणि स्त्री असल्यास ‘आ सेन्योरा’ म्हणावे. क्रियापद दोन्हीकडे ‘वोसे’चेच राहते, त्यामुळे बोलता बोलता संबोधन बदलले तरी व्याकरण अडत नाही. ‘तू’ हा शब्द तिथेही आहे आणि उच्चारही आपल्यासारखाच. परंतु रिओ ग्रांदे दो सुलसारख्या काही प्रदेशांत तो रोजच्या बोलण्यात असला, तरी साओ पावलो शहरात क्वचितच कानी पडतो, म्हणून नवख्याने ‘वोसे’वरच थांबावे.

आडनावाने हाक मारण्याची आपली कचेरीतली सवय तिथे सोडावी लागते. मानाचा शब्दही पहिल्या नावालाच जोडतात: ‘सेऊ आंतोनियो’, ‘दोना मारिया’. शिक्षिकेला ‘प्रोफेसोरा’ म्हणून पुढे तिचे नाव घ्यावे. लहान मुले तर तिला सरळ ‘तिया’, म्हणजे मावशी-आत्या म्हणतात. राष्ट्राध्यक्ष लुला यांचे ‘लुला’ हे मुळात टोपणनाव, जे त्यांनी 1982 मध्ये अधिकृत नावात घालून घेतले.

‘दोतोर’ ही पदवी वैद्यांपुरती नाही. डॉक्टरेट नसलेल्या वकिलांना आणि पोलीस अधिकाऱ्यांनाही ती सर्रास लावतात, आणि तिच्यात वर्गभेदाचा वास आहे असे मला वाटते. 2019 च्या एका हुकुमाने केंद्रीय प्रशासनाच्या व्यवहारात ‘दोतोर’ आणि ‘वोसा एक्सेलेन्सिया’ (महामहिम) बाजूला सारून सर्वांसाठी ‘सेन्योर’ ठरवले. न्यायालयांना मात्र तो लागू नव्हता, म्हणून न्यायाधीशांपुढे पूर्ण बिरुदच वापरावे.

शंका असेल तर ‘सेन्योर’पासून सुरुवात करावी. समोरच्याला ते वय वाढवणारे वाटले, तर तो हसून म्हणेल, “सेन्योर तर स्वर्गात आहे,” कारण त्याच शब्दाने देवालाही संबोधतात; तेव्हा निःसंकोच ‘वोसे’वर यावे.