किनाऱ्यावरच्या उकाड्यात रोजे धरताना तब्येत कशी सांभाळावी

मार्च लागला की आमच्या कोकणातल्या दाभोळ-हर्णै पट्ट्यात घाम वाळायचं नाव घेत नाही. हवामान खातं सपाट मुलखात पारा 40 अंशांना पोचल्यावर उष्णतेच्या लाटेचा हिशेब सुरू करतं. किनाऱ्याला त्यासाठी 37 पुरतात. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. 2025 मध्ये पहिला रोजा 2 मार्चला होता, 2026 मध्ये 19 फेब्रुवारीला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणजे आता थंडीकडे निघालाय. 2030 मध्ये तर तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. पण आपल्याकडे थंडी ती किती! शिवाय मार्चमध्ये रोजा तेरा तासांचा असेल, तर डिसेंबरातही बारा तासांच्या वरच भरतो.

इतक्या वर्षांच्या रोज्यांतून एक गोष्ट मला कळली आहे. रोजा जड जातो दिवसा, पण त्याची गडबड आदल्या रात्रीच झालेली असते.

महिना लागण्याआधी

पहिले दोन-तीन दिवस जे डोकं ठणकतं, त्यात भुकेपेक्षा चहाचा हात मोठा असतो. दिवसाला पाच कप चहा घेणाऱ्याने तो एकदम तोडला की डोकं दुखणारच. आठ-दहा दिवस आधीपासून एकेक कप कमी करत जा आणि उरलेला संध्याकाळकडे सरकवा.

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना गाठा. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा त्यांनीच बदलून द्यायच्या. शेजारणीला कुठली गोळी सहेरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, सांगितली आहे, त्यावर जाऊ नका. इन्शुलिन घेणाऱ्यांची आणि काही गोळ्यांवर असणाऱ्यांची साखर दुपारनंतर एकदम उतरू शकते. ती 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली, तर रोजा तिथेच सोडायचा, मगरीबला, म्हणजे रोजा सोडायच्या सूर्यास्ताच्या नमाजाला, अर्धा तास उरला असला तरीही. बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू नका.

आजारी माणसाने आणि प्रवाशाने हे रोजे नंतर पुरे करावेत, ही मुभा खुद्द कुराणात, सूरे बकरात आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्रासाची भीती असेल तर तिलाही सूट आहे. आजार कायमचाच असेल तर फिदिया, म्हणजे रोज्यामागे एका गरजूचं जेवण. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घरातले म्हातारे ऐकत नाहीत. आमच्याकडे डॉक्टरांचं बोलणं वाया गेलं आणि मौलानांचं एक वाक्य कामी आलं. तुमच्याकडेही हीच वाट धरून पाहा.

सहेरी: पेज लावा, सुकट झाका

काही जण रात्री एकला भरपेट जेवून झोपतात आणि सहेरीला उठतच नाहीत. असं करू नका. सहेरीत बरकत आहे असं हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, सांगते, आणि ती जितकी उशिरा, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या वेळेजवळ, तितकं पोट दिवसभर जास्त साथ देतं.

काय खावं? मला विचाराल तर पेज. रात्री झोपताना वाटीभर उकडे तांदूळ धुऊन भिजत घालायचे. पहाटे चारला त्यात सात-आठ वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या काढायच्या. तेवढ्यात वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, होतो, मुलं उठतात. झाकण काढल्यावर पळीच्या पाठीने दाणे जरासे मोडायचे आणि वर मूठभर ओलं खोबरं टाकायचं. खाणं आणि पाणी एकाच वाटीतून पोटात जातं, आणि पहाटे कोरडा घास ज्यांच्या घशाखाली उतरत नाही तेही दोन वाट्या पितात. सोबत उकडलेलं अंडं, मुगाची उसळ किंवा कुळथाची पिठी हवीच, कारण नुसता भात लवकर पचून जातो. तांदळाऐवजी नाचणीची आंबील चालेल, ताकातली तर उत्तमच. मधुमेह्यांनी पेज बेताची घ्यावी आणि उसळ वाढवावी.

आता सुकटीचं. पहाटे तोंडाला चव नसते, आणि भाजलेली सुकट, लसूण, मिरची असा ठेचा समोर आला की हात आवरत नाही. एका वर्षी मी तो मनसोक्त खाल्ला आणि नऊच्या गाडीने खेडला निघाले. अकरा वाजेपर्यंत जीभ टाळूला चिकटली. शेजारच्या सीटवरचं पोर कलिंगडाची फोड खात होतं आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे मिटून बसले. सुके बोंबील, सुकट, पापड, खारातलं लोणचं या सगळ्यांतलं मीठ दिवसभर पाणी मागतं. ते इफ्तारनंतर खा, सहेरीला नको.

पाणीही शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा पिऊ नका. एकदम ढोसलेलं पाणी तासाभरात लघवीवाटे निघून जातं. मगरीबपासून फजरपर्यंत थोडं थोडं करून आठ-दहा पेले जायला हवेत. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय, त्यांनी तेवढंच.

दिवसा

अंगमेहनतीचं काम सकाळी उरका. बागेत आंबा उतरवणारे, बंदरावर टोपल्या उचलणारे यांना घड्याळ निवडता येत नाही हे मला कळतं. पण दुपारी बारा ते तीन सावली धरणं जमेल तितकं जमवा. डोक्यावर ओला पंचा घ्या, हातपाय आणि मान पाण्याने पुसा. आंघोळीने रोज्याला काही होत नाही. दुपारी जोहरच्या नमाजानंतर वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा. दोन तास झोपलात तर रात्रीची झोप हातची जाईल.

चक्कर येऊन उभं राहता येईना, बोलणं अडखळू लागलं, उलट्या सुरू झाल्या, छातीत दुखलं किंवा कित्येक तास लघवीच झाली नाही, तर रोजा सोडा आणि दवाखाना गाठा. तोवर माणूस शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी द्या: लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

रोजा सोडताना

खजूर आणि पाणी ही जुनी रीत शरीरालाही मानवते. दोन-तीन खजूर पुरे. दुपारी सात-आठ आमसुलं लिटरभर पाण्यात भिजत घाला, अजानच्या आधी कुस्करून गाळा, चिमूटभर मीठ, जिरेपूड आणि अगदी थोडी साखर टाका. बाटलीतल्या लाल गोड सरबताची मला सवय होती. ते सोडून हे धरलं, तेव्हापासून तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजाला, डुलकी कमी येते.

मग मगरीब पढा आणि नंतरच जेवायला बसा. तेवढ्या वेळात पोट जागं होतं आणि भजी-समोशांच्या ताटावर झडप घालायची घाईही ओसरते. तळण बंदच करा असं मी म्हणणार नाही, कोण ऐकणार? पण ते रोजचं ताट होऊ देऊ नका. कलिंगड, ताडगोळे हे याच दिवसांतले. तांदळाची भाकरी, ताज्या मासळीचं कालवण आणि सोलकढी असेल तर आणखी काही लागत नाही.

आणखी एक, पुरुषांसाठी. सहेरीला घरातली बाई साडेतीनला उठते आणि रात्री सगळ्यांच्या मागून झोपते. तिचाही रोजाच असतो. भांडी घासा, कांदा चिरा.

रात्र

जेवून लगेच आडवं झालं की आंबट ढेकर आणि जळजळ ठरलेली. मशिदीपर्यंत पायी जा. तरावीह या शब्दाचं मूळच विसाव्यात आहे, दर चार रकातींनंतर (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन) थांबायचं असतं. त्या वेळी दोन घोट पाणी घ्या. परत आल्यावर मोबाइल बाजूला ठेवा. सहेरीआधी चार तास आणि फजरनंतर दीड-दोन तास झोप जमली, तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चिडचिड उतरते.

ईदच्या सकाळी पहिल्या घरी शीरखुर्मा अर्धी वाटीच घ्या. महिनाभर पोटाला सकाळच्या खाण्याची सवय राहिलेली नसते, आणि पुढच्या वाडीतल्या चाचीची वाटी तर कुणाला चुकलेली नाही.