परदेशात नर्सिंग करायचंय? आधी फाईल उघडा

नाईट संपवून चेंजिंग रूममध्ये आलं की दोनच विषय निघतात: ऑफ कधी मिळणार आणि बाहेर कसं जायचं. दुसऱ्या विषयावर बोलताना प्रत्येक जण आधी देश निवडतो. पुण्यात इतकी वर्षं वॉर्डात काढल्यावर माझं मत असं झालंय की सुरुवात देशापासून करूच नये. परीक्षा आपल्या मुली काढतात. गाडी अडते ती कागदांवर.

पहिलं काम: नाव जुळवा

ऑफच्या दिवशी सगळे कागद पलंगावर पसरा आणि फक्त नाव वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगलाही तेच. पासपोर्ट मात्र लग्नानंतर काढलेला, म्हणून मध्ये नवऱ्याचं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव. सासरी पाळण्यातलं नावही बदललं असेल तर मग बघायलाच नको. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण हजारो मैलांवर बसून कागद तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

लग्नाने आडनाव बदललं असेल तर महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला काढून ठेवा. नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद लागते. मग पासपोर्टवर आहे तेच नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, म्हणजे जिथे आपली नर्स म्हणून नोंदणी असते तिथे, करून घ्या. लग्न व्हायचं असेल तर माझा सरळ सल्ला: पासपोर्ट आत्ताच काढा आणि लग्नानंतर नाव बदलायची घाई करू नका. कायद्याने ते सक्तीचं नाही. सासूबाईंना नंतर समजावता येतं.

दुसरं: अनुभवाचं पत्र

पत्रात पद, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ काम, एवढं तरी हवंच. माझी पहिली नोकरी एका छोट्या हॉस्पिटलात होती. तिथून मिळालेल्या पत्रात ‘काम समाधानकारक’ असं छान लिहिलं होतं, तारखा नव्हत्या. पुढे मालक बदलले, जुनी रजिस्टरं गेली आणि माझं दीड वर्ष हिशेबात धरलंच गेलं नाही. म्हणून नोकरी सोडतानाच पत्र वाचून घ्या. आखाती देशांसाठी डेटाफ्लो नावाची पडताळणी होते, त्यात ते थेट तुमच्या हॉस्पिटलला आणि कॉलेजला विचारतात. तिथल्या एचआरला आधी कळवून ठेवलंत तर डेटाफ्लोचं चौकशीचं पत्र तसंच पडून राहत नाही.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांचा तक्ता, जिथे शिकलात तिथून मागवा. बीएस्सीवाल्यांना त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशीही गाठ पडते. वेळ हाताशी ठेवा.

तिसरं: आता देश

माझ्या हिशेबात देश निवडणं म्हणजे भाषा निवडणं. आखातात इंग्रजीची वेगळी परीक्षा सहसा लागत नाही. डेटाफ्लो, मग त्या देशाची प्रोमेट्रिक, म्हणजे नर्सच्या परवान्यासाठी कम्प्युटरवर होणारी परीक्षा, आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरतो. परीक्षा जमते, पण भारतीयांची व्हिसाची रांग काही वर्षांची आहे.

ब्रिटनसाठी आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणाला ७ आणि लेखनाला ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली तर तीन विभागांत बी आणि लेखनात सी प्लस चालतं. मराठी माध्यमातल्या मुलींना मी ओईटी सुचवते. त्यात पर्यावरणावर निबंध नसतो. पेशंटच्या नोंदी देतात आणि त्यावरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देतो ते आपलं हँडओव्हरच. खरी कसरत काय गाळायचं याची. पेशंटला गुडघ्याचं ड्रेसिंग लावून घरी सोडतोय, तर त्याचं दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स लिहायची गरज नाही. ॲलर्जी मात्र लिहायचीच.

त्यानंतर कम्प्युटरवरची सीबीटी. ती भारतात देता येते. ओस्की ही प्रत्यक्ष परीक्षा तिकडे जाऊन. ओस्कीत मनातल्या मनात काम केलेलं मोजत नाहीत. हात धुतले, मनगटावरची पट्टी वाचली, ॲलर्जी विचारली, हे सगळं तोंडाने बोलत करायचं. आपल्याला वॉर्डात गप्प राहून भराभर हात चालवायची सवय, तीच तिथे नडते. घरी भावाला पलंगावर झोपवून बोलत बोलत सराव करा.

जर्मनीला पुण्यातून जाणं सोयीचं, कारण इथे जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. नोंदणीसाठी साधारण जर्मन भाषेची बी२ पातळी लागते. शून्यापासून तिथवर ६०० ते ८०० तासिका, त्याही ड्युटी सांभाळून. तुमच्या अभ्यासक्रमात काय कमी पडतं ते तिथलं खातं लेखी कळवतं आणि ती उणीव प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरायची असते. एक गोष्ट आधीच सांगते: अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं तिकडे नर्सचंच काम. इथल्यासारखं मावशींना हाक मारून चालत नाही.

एजंटकडे जायचं असेल तर

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना क्रमांक स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. लाखांत बोलणाऱ्याचा चहाही पिऊ नका. मूळ कागद मागितले तर झेरॉक्स द्या. कौन्सिलचं नोंदणीपत्र हरवलं की डुप्लिकेटसाठी धावपळ तुम्हालाच करावी लागते, एजंटला नाही.