नक्षी शाबूत, तरी टायर फुटला : बोटीच्या ट्रेलरबाबत या चुका टाळा

नागपुरात समुद्र नाही, त्यामुळे बोटीचा ट्रेलर ही येथे रोज दिसणारी वस्तू नव्हे. तरीही खिंडसी, गोसीखुर्द अशा जलाशयांवर हौसेने स्वतःची फायबरची बोट नेणारे लोक माझ्या वर्कशॉपमध्ये येतात आणि दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका सोबत घेऊन येतात. इंजिन घेताना एका शब्दानेही घासाघीस न करणारा माणूस टायरची वेळ आली की भंगारबाजाराची वाट धरतो, हे मला आजवर उलगडलेले नाही.

नक्षी पाहून टायर निवडणे

मोटारीचा टायर धावून झिजतो. बोटीच्या ट्रेलरचा टायर मात्र उभ्या उभ्या म्हातारा होतो. वर्षातून आठ-दहा फेऱ्या आणि उरलेले दिवस अंगणात किंवा शेडबाहेर, असे त्याचे आयुष्य असते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होते, बाजूंवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि नक्षी मात्र नव्यासारखी दिसत राहते. म्हणून नक्षीत नाणे घालून खोली मोजणाऱ्या ग्राहकाला मी आधी टायरच्या बाजूवरील डीओटी ही अक्षरे शोधायला लावतो. त्या ओळीतील शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. पाच वर्षे उलटलेला टायर मी महामार्गावर पाठवत नाही, मग त्याची नक्षी कितीही देखणी असो.

दुसरी गोष्ट वजनाची. सोळा फुटांच्या एका साध्या बोटीचा हिशेब पाहा : बोटीचा सांगाडा ४५० किलो, इंजिन १०० किलो, साठ लिटर पेट्रोलचे सुमारे ४५ किलो, बॅटरी, नांगर, दोर, बर्फाची पेटी आणि लाइफ जॅकेट मिळून ८५ किलो, आणि खुद्द ट्रेलर २५० किलो. बेरीज ९३० किलो. आता घरी पडून असलेले मोटारीचे १५५/८० आर१३ मापाचे दोन टायर घ्या. त्यांवर ७९ हा भारांक असेल, तर प्रत्येकाची क्षमता ४३७ किलो, म्हणजे दोघांची ८७४. शिवाय मोटारीचा टायर ट्रेलरला लावला की त्याच्या क्षमतेला १.१ ने भागावे लागते, म्हणजे उरले ७९४ किलो. यातील थोडे वजन ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर जाते हे खरे. पण मी ते वजा करीत नाही, कारण बोटीच्या तळाशी साचलेले पाणी आणि ऐनवेळी चढवलेले सामान कोणीही बेरजेत धरत नाही. ज्यांना अंदाजावर विश्वास नाही त्यांनी भरलेली बोट एकदा धर्मकाट्यावर न्यावी. माझ्या अनुभवात काट्याचा आकडा मालकाच्या आकड्यापेक्षा नेहमी जास्तच निघाला आहे.

एसटी म्हटले की आपल्याला लाल बस आठवते. टायरच्या मापाआधीच्या एसटी या अक्षरांचा अर्थ मात्र खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर असा आहे. ट्रेलरच्या टायरला गाडी ओढायची नसते आणि वळवायचीही नसते, ओझे तेवढे वाहायचे असते. त्यासाठी त्याच्या बाजू ताठ ठेवलेल्या असतात, म्हणून मागची बोट डुलत नाही. एसटी २०५/७५ आर१४ मापाचा सी श्रेणीचा (ही अक्षरे भार पेलण्याची श्रेणी सांगतात) टायर थंड अवस्थेत ५० पाउंड हवेवर, म्हणजे दर चौरस इंचाला ५० पाउंड दाबावर, सुमारे ८०० किलो पेलतो. असे टायर आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. न मिळाल्यास मी छोट्या मालवाहू गाडीचे एलटी टायर बसवतो, मात्र रिमचे माप आणि भारांक जुळवून, आणि दोन्ही टायर एकाच वेळी. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला साधा, अशी जोडी मी कोणाच्याही आग्रहाने लावत नाही. रिसोल केलेला टायर ट्रेलरला चालेल का, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर एका शब्दाचे असते.

गरम टायरची हवा सोडणे

काही वर्षांपूर्वी नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना एका ग्राहकाची बोट खिंडसीला न्यायची होती. पहाटे पाचला मी स्वतः दोन्ही टायर तपासले. तेव्हा हवेत गारवा होता आणि गेज बरोबर ५० पाउंड दाखवत होते. निघायचे ठरले होते सहाला, मंडळी निघाली दहाला. कामठी, कन्हान करीत मनसरला पोहोचेपर्यंत डांबर डोळ्यांदेखत वितळते की काय असे वाटत होते. मी पुढच्या गाडीत होतो आणि चहासाठी उतरलो होतो. तेवढ्यात ग्राहकाचा भाचा पेट्रोल पंपावरच्या पोराकडून हवा तपासून घेत होता. पोरगा म्हणाला, ‘‘भाऊ, मीटर साठ दाखवून राहिलं.’’ भाचा घाबरला आणि त्याने दोन्ही टायरांतील हवा ५० पर्यंत सोडायला लावली. वेळेवर लक्ष गेले म्हणून टायर वाचले, अशी त्याची समजूत होती, आणि मला हे कळले ते संध्याकाळी.

साठचा आकडा चुकीचा नव्हता. बंद टायरमधील हवा तापली की तिचा दाब वाढणारच. पहाटेच्या अठ्ठावीस अंशांवरून टायरमधील हवा पंचाहत्तर अंशांच्या आसपास गेली, तर ५० चे ६० पाउंड होतात, आणि टायर बनवणाऱ्याने हे आधीच गृहीत धरलेले असते. बाजूवर छापलेला आकडा थंड टायरसाठी असतो. गरम टायरमधून दहा पाउंड काढून घेतले की तो थंड झाल्यावर चाळिशीत उतरतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूने दबतो व पुन्हा ताणला जातो, या घासणीने आणखी तापतो आणि शेवटी आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात.

परत येताना बोटीच्या तळाची बुची काढून पाणी सोडायचे राहून गेले होते. कन्हानच्या अलीकडे डावा टायर फुटला, ट्रेलर कलला, रिम रस्त्यावर घासत गेली आणि बोटीच्या बुडाला हातभर चरा पडला. स्टेपनी होती, पण तिच्यात अठरा पाउंड हवा होती. जॅक होता, पण तो मोटारीचा, ट्रेलरच्या अक्षाखाली न बसणारा. अडीच तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे शाबूत राहिलेल्या उजव्या टायरला मी गेज लावले, तेव्हा त्यात ४१ पाउंड हवा निघाली. भाच्याला मी काही बोललो नाही, कारण चूक माझीही होती. निघण्यापूर्वी हा नियम सगळ्यांना सांगायला हवा होता.

तेव्हापासून मी हवा फक्त सकाळी, ट्रेलर किमान तीन तास उभा असताना आणि टायरवर ऊन पडण्याआधी तपासतो. गेज माझे स्वतःचे आहे आणि ते शंभर पाउंडांपर्यंत वाचते. पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत असतो. वाटेत गरम टायरला मी हात लावून पाहतो, गेजही लावतो, पण हवा सोडत नाही.

गाडीइतकीच हवा ट्रेलरला भरणे

मोटारीत ३३ पाउंड भरण्याची सवय असलेला माणूस ट्रेलरलाही तेवढीच भरतो, आणि काही जण तर बोटीला धक्के बसू नयेत म्हणून मुद्दाम कमी ठेवतात. धक्के शोषणे स्प्रिंगचे काम आहे. एसटी टायरच्या बाजूवर जो कमाल आकडा छापलेला असतो, त्याच दाबावर त्याची पूर्ण भारक्षमता मिळते. म्हणून सी श्रेणीत ५०, डी श्रेणीत ६५ आणि ई श्रेणीत ८० पाउंड हा आकडा मी थंड अवस्थेत पूर्ण भरतो. मात्र साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पाउंडांपर्यंतचाच असतो; त्यापुढे धातूचा व्हॉल्व्ह आणि तेवढा दाब सहन करणारी रिम हवी. श्रेणी वाढवली आणि व्हॉल्व्ह जुनाच ठेवला, तर वाढलेल्या श्रेणीचा उपयोग शून्य.

नायट्रोजन भरायला हरकत नाही; पण तोही तापल्यावर जवळपास तितकाच फुगतो, आणि साध्या हवेत तो मुळातच ७८ टक्के असतो. तो भरला म्हणून महिनोन्महिने गेज न लावणारे लोक मी पाहिले आहेत.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. चाक बदलल्यावर पहिल्या ऐंशी किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. व्हॉल्व्हची टोपी हरवली तर आठ आण्यांची वस्तू म्हणून दुर्लक्ष करू नये. तळ्याकाठचा चिखल तेथूनच आत शिरतो. पावसाळाभर ट्रेलर उभा राहणार असेल, तर अक्षाखाली ठोकळे देऊन चाके जमिनीपासून उचलावीत आणि टायरवर ताडपत्री टाकावी. तळ्यावर पोहोचताच तापलेली चाके पाण्यात उतरवू नयेत. हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, एकदम थंड झाला की सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि ग्रीस दुधासारखे पांढरट होते.

लक्षण पाहून दोष ओळखताना लोक घाई करतात आणि सरळ नवा टायर मागतात. नक्षी दोन्ही कडांना झिजली असेल तर हवा कमी राहिली आहे, मध्येच झिजली असेल तर जास्त, आणि एकाच कडेला झिजली असेल तर अक्ष वाकलेला आहे. अशा अक्षावर नवा टायरही तसाच झिजेल. बाजूला फुगा आला असेल तर तो टायर घरापर्यंतसुद्धा चालवू नये. थांबल्यावर एक टायर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त गरम लागला, तर दोन्हींना गेज लावावे. दाब सारखाच असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा आणि हब चाचपून पाहावा. तापलेल्या टायरचा दाब सकाळच्या थंड आकड्याइतकाच किंवा त्याहून कमी दिसला, तर हवा नक्की गळते आहे. अशा वेळी वरून हवा भरून पुढे न जाता तेथेच स्टेपनी लावावी, आणि तिच्यात हवा आहे की नाही हे मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवलेले असावे.