प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक निवडताय? या चुका टाळा

पहिलंच उदाहरण होतं. पुस्तकात छापलं होतं तसं अक्षरन् अक्षर टाइप केलं, एंटर दाबलं आणि स्क्रीनवर 'सिंटॅक्स एरर', म्हणजे भाषेचा नियम मोडल्याची तक्रार. ती एक ओळ मी तासभर पुस्तकाशी ताडून पाहत होतो. अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, सगळं जिथल्या तिथे. शेवटी हे आपलं काम नव्हे, अशी खात्रीच पटली. पुस्तक पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवरचं, म्हणजे पायथन २ वरचं होतं आणि माझ्या कॉम्प्युटरवर नवी, पायथन ३. कारण एवढंच, पण ते कळायला आठवडा गेला.

नवख्याची खरी पंचाईत इथेच होते. चूक पुस्तकाची की आपली, हे ओळखायला जी समज लागते, तीच तर त्या पुस्तकातून मिळवायची असते. म्हणून पुस्तक घेण्याआधी पाऊण तास घालवलेला बरा.

वर्ष बघा, पण कुठलं?

पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २ मात्र त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होतं, त्याची अधिकृत देखभाल थांबली १ जानेवारी २०२० ला. मधल्या अकरा वर्षांत निघालेलं पुस्तक दोन्हींपैकी कशावरही असू शकतं. खूण सोपी आहे. 'प्रिंट'नंतर कंस नसेल तर पुस्तक जुनं. वापरणाऱ्याकडून माहिती घेताना 'रॉ इनपुट' लिहिलं असेल तरी जुनं. या दोन्ही ठिकाणी निदान एरर तरी येते. भागाकार त्याहून वाईट. ३ भागिले २ केलं तर पायथन २ उत्तर देतं १ आणि पायथन ३ देतं १.५. कुठे तक्रार नाही, काही नाही. उत्तर फक्त पुस्तकाशी जुळत नाही आणि माणूस स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसतो.

सुरुवातीच्या पानावरचं पुनर्मुद्रणाचं साल बघून फसू नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. मजकुराचं वय कळतं ते आवृत्तीच्या सालावरून.

इतर भाषांनाही हेच लागू. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात व्हेरिएबल (माहिती साठवायला दिलेलं नाव) बनवायला पानोपानी फक्त 'व्हार' दिसत असेल, तर ते बहुधा २०१५ च्या आधीच्या वळणाचं आहे, कारण त्याच कामाचे 'लेट' आणि 'कॉन्स्ट' भाषेच्या त्या वर्षीच्या मानकात आले. तो कोड आजही चालतो, पण बाहेर वाचायला मिळणारा कोड वेगळा दिसतो आणि गोंधळ वाढतो. सी भाषेच्या पुस्तकात पहिल्याच प्रोग्रॅममध्ये 'कोनिओ' नावाचं हेडर (सुरुवातीला जोडायची तयार फाइल) आणि 'व्हॉइड मेन' दिसलं, तर ते डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जमान्यातल्या कंपायलरसाठी (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) लिहिलेलं आहे असं समजा. लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला ते हेडर सापडणारच नाही. आणि हो, जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. नावाच्या सारखेपणावर जाऊन चुकीचं पुस्तक घरी आणणारे कमी नाहीत.

थोरांनी नावाजलेलं म्हणून

अनुभवी माणसाला विचारलं, की तो त्याला आज आवडणारं पुस्तक सांगतो. त्यानं पहिलं पाऊल कशाच्या आधारानं टाकलं, हे तो कधीच विसरलेला असतो. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं १९७८ चं पुस्तक घ्या. पहिल्या प्रोग्रॅममध्ये 'हॅलो, वर्ल्ड' छापायची प्रथा त्यानंच रूढ केली. पण हे प्रोग्रॅमिंगचं प्राथमिक पुस्तक नाही आणि व्हेरिएबल, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) यांची थोडी ओळख वाचकाला असावी, असं लेखकांनी स्वतःच सुरुवातीला सांगून ठेवलंय. उत्तम पुस्तक, पण पहिलं नव्हे. प्रस्तावना कोणी वाचत नाही, हे दुखणं जुनंच.

हजार पानी ग्रंथांचंही तसंच. 'पैसे वसूल' वाटतात खरे, पण त्यातले बहुतेक कोशासारखे असतात. अडलं की उघडायचे. शब्दकोश पाठ करून कोणी बोलायला शिकत नाही. उलट टोकाला ठरावीक दिवसांत तरबेज करण्याचं वचन देणारी मुखपृष्ठं. त्यांच्याबद्दल इतकंच सांगतो, की दिवस मोजायला लागलात की धडा कळण्याआधी पान उलटता.

सरावाशिवायचं पुस्तक

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. समजावून सांगण्याची शैली इतकी गोड, की वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. कारण भाषेचे नियम आणि प्रश्न सोडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतल्या आकड्यांची सरासरी काढा, असं सांगितलं तर काय लागतं? बेरीज शून्यापासून सुरू करायची, एकेक आकडा मिळवत जायचं, मोजत जायचं, शेवटी भागायचं. आणि यादी रिकामीच आली तर? शून्यानं भागायची वेळ येते आणि प्रोग्रॅम कोसळतो. असा प्रश्न वाचकाच्या पुढ्यात टाकून त्याला जरा अडखळू देणारं पुस्तक मला हवं असतं.

म्हणून चाळताना पहिलं प्रकरण बघू नका, ते सगळ्यांचंच सोपं असतं. फंक्शनचं प्रकरण उघडा. व्हॅल्यू 'रिटर्न' करणं, म्हणजे पुढच्या कोडच्या हाती देणं, आणि ती नुसती स्क्रीनवर 'प्रिंट' करणं यातला फरक लेखकानं नीट उलगडलाय का? इथे नवखे हमखास अडकतात आणि बरेच लेखक हा फरक दोन वाक्यांत उरकतात. मग प्रकरणाच्या शेवटी जा. स्वाध्याय आहेत का? निदान काहींची उत्तरं? नमुना प्रकरण मिळत असेल तर त्यातली दोन उदाहरणं भाषेच्या आजच्या आवृत्तीवर चालवून बघा, मगच पैसे मोजा.

पुस्तक घेतलं, आता अडलंय

एखादं प्रकरण तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, तेव्हा लगेच दुसरं पुस्तक आणायचा मोह होतो. तो आवरा. आधी फक्त तेवढाच मुद्दा दुसरीकडे वाचा. तिथे चटकन कळला तर पहिल्या लेखकाची मांडणी कच्ची. तिथेही अडलात तर विषयच अवघड आहे, आणि तो चौथ्या पुस्तकातही तितकाच अवघड राहील. एकाच महिन्यात तीन पुस्तकं सुरू करणारा माणूस तिन्हींतली पहिली दोन प्रकरणं पाठ करतो आणि लूपपाशी तिन्ही वेळा थांबतो.

आता पुस्तकाचा दोष नसतानाही त्याच्या माथी मारल्या जाणाऱ्या काही भानगडी. पीडीएफमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येऊ शकतात, ती पायथनला चालत नाहीत. ओळींआधीच्या मोकळ्या जागाही गायब होऊ शकतात आणि पायथनचं तर सगळं त्या जागांवरच चालतं. म्हणून हातानं टाइप करा. ओळीच्या सुरुवातीला छापलेली तीन बाणटोकं टाइप करायची नसतात, ती पायथनची 'मी तयार आहे' अशी खूण. छपाईची चूक वाटली तर आधी प्रकाशकाच्या साइटवर शुद्धिपत्र आहे का बघा.

आणि माझ्याकडून झालेली एक चूक. 'रँडम' या मॉड्यूलचा (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडच्या फाइलचा) धडा होता, म्हणून फाइललाही मी हौसेनं 'रँडम' हेच नाव दिलं. पायथननं स्वतःचं मॉड्यूल सोडून माझीच फाइल उचलली, आणि पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण मोडायला लागलं. फाइलचं नाव बदललं, सगळं सुरळीत झालं. तोवर मी लेखकाला एक लांबलचक तक्रारीचं पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही, हे नशीब.