स्पेशल बी.एड.चं कर्ज आणि गोव्यातला पहिला पगार

‘फेडता येईल एवढंच कर्ज काढ’ हा सल्ला घरोघरी मिळतो. कुठल्या पगारातून फेडायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. स्पेशल एज्युकेशनला, म्हणजे अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याच्या क्षेत्रात, जाणाऱ्या मुलामुलींच्या घरात बहुतेक वेळा सरकारी कायम नोकरीचा आकडा डोळ्यांसमोर असतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल ६ चं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून आणि लेव्हल ७ चं ४४,९०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. या पगारावर दोन-तीन लाखांचं कर्ज म्हणजे काहीच नाही. पण कोर्स संपल्यावर बहुतेकांच्या हाती आधी कंत्राट पडतं, आणि बँकेचा हप्ता त्याच काळात सुरू होतो. म्हणून हिशेब कंत्राटाच्या पगारावर मांडायचा. कायम नोकरी लागली तर कर्ज लवकर फिटेल, एवढंच.

पैशांच्या आधी पदवी कुठली ते नक्की करा, कारण सर्वांत महागडी चूक इथेच होते. साधी बी.एड. आणि स्पेशल बी.एड. या दोन वेगळ्या पदव्या आहेत. साध्या बी.एड.मध्ये समावेशक शिक्षणाचा एखादा पेपर असतो, तेवढ्यावर स्पेशल एज्युकेटर होता येत नाही. त्यासाठी कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता लागते आणि पास झाल्यावर केंद्रीय नोंदवहीत नाव घालून सीआरआर नंबर घ्यावा लागतो. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार या नोंदणीशिवाय काम करणं गुन्हा आहे. मान्यता कॉलेजला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक कोर्सला, ठरावीक अक्षमतेच्या शाखेला आणि ठरावीक मुदतीसाठी असते. ‘आमचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ असं ऑफिसात सांगितलं म्हणून फी भरू नका. परिषदेच्या वेबसाइटवर तुमची शाखा आणि तुमचं प्रवेशवर्ष दोन्ही तपासा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. मुक्त विद्यापीठातून करणार असाल तरी हेच.

शाखा निवडतानाही पगाराचा विचार हवा. गोवा बारा तालुक्यांचं राज्य. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमता या शाखांतल्या माणसाला विशेष शाळेतही काम मिळतं आणि साध्या शाळेच्या रिसोर्स रूममध्येही, म्हणजे विशेष मुलांना वेगळी मदत देण्याच्या खोलीत. दृष्टी किंवा श्रवण शाखेचं काम तेवढंच मोलाचं, पण छोट्या राज्यात त्या जागा थोड्या, एखादी भरली की दुसरी निघेपर्यंत थांबावं लागतं. त्या शाखेत जाणाऱ्याने मुंबई-पुण्यात नोकरी करायची तयारी ठेवूनच कर्ज काढावं.

आता खर्च. फी माहितीपुस्तकात असते, बाकीचं नसतं. समजा मुलगी गोव्यातल्या साखळी गावची आहे आणि कॉलेज राज्याबाहेर. दोन वर्षांची फी १,२०,००० धरू. राहणं-जेवण महिना ९,००० प्रमाणे २२ महिन्यांचे १,९८,०००. येणं-जाणं, लेसनच्या फाइली, केस स्टडीचे प्रिंटआउट, टीएलएमचं (शिकवण्याच्या साधनांचं) सामान, इंटर्नशिपच्या शाळेपर्यंतचं बसभाडं मिळून ३२,०००. एकूण साडेतीन लाख. हे आकडे उदाहरणाचे, तुमचे त्या जागी घाला. टीएलएमच्या खर्चाला मात्र हसू नका. फ्लॅशकार्ड, मणी, वेल्क्रो, लॅमिनेशन असं करत दर सत्रात पैसे जातात, आणि बँक त्याचं बिल मागते, जे कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला देत नाही.

एक खर्च कोणी लिहीतच नाही: बुडालेला पगार. पदवीनंतर पणजीत एखाद्या ऑफिसात १५,००० मिळत असतील, तर दोन वर्षांत ३,६०,००० बुडाले. खर्चाच्या एकूण बेरजेहूनही हा आकडा मोठा आहे. बारावीनंतरची दोन वर्षांची स्पेशल डी.एड. म्हणूनच विचारात घ्यावी. विसाव्या वर्षी सीआरआर नंबर हातात, नोकरी सुरू, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि पुढे बी.एड. वाट लांबची आहे खरी, पण घरची ऐपत बेताची असेल तर मला हीच शहाणपणाची वाटते.

कर्जाचं गणित असं. साडेतीन लाखांतले दीड लाख घरचे, दोन लाख बँकेचे. व्याज १० टक्के धरू. बँक रक्कम दोन वर्षांत अर्धी-अर्धी देते. अभ्यासाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं: पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,०००, सवलतीच्या वर्षी आणखी २०,०००. हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज अडीच लाखांचं झालेलं असतं. सात वर्षांची मुदत घेतली तर महिना ४,१५०, पाच वर्षांची घेतली तर ५,३१२. शिकतानाच व्याज भरत गेलात, म्हणजे आधी महिना साधारण ८३३ आणि नंतर १,६६७, तर सात वर्षांचा हप्ता ३,३२० वर येतो आणि एकूण वीसेक हजार वाचतात. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही थोडी सूट देतात, मागून घ्या.

बँकेत जाण्याआधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेची चौकशी करा. उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या अटी आहेत, आणि अर्ज कधी करायचा तेही आधीच विचारून ठेवा. ती मिळाली तर वरच्या गणितातले ५०,००० मुळात येतच नाहीत. कलम ८० ई खाली व्याजावर करसवलत मिळते म्हणून बँकेचा माणूस खूश करेल. ती फक्त जुन्या करपद्धतीत आहे, आणि सुरुवातीच्या पगारावर करच बसत नाही, मग सवलत कशातून घेणार?

पगाराकडे वळू. नेमणूकपत्रावर १८,००० लिहिलेले असतील तर आधी विचारा, किती महिन्यांचे? कंत्राट १० महिन्यांचं असेल तर वर्षाचे १,८०,०००, म्हणजे महिना १५,०००. त्यातून ४,१५० गेले की पाव पगाराहून जास्त गेला. घरी राहून, बसने जाऊन हे जमतं. पर्वरी किंवा फोंड्याला खोली घेऊन जमत नाही. माझ्या मते, वर्षभरावर पसरलेल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठा हप्ता घेऊ नये. १५,००० ला ३,००० म्हणजे कर्ज दीड-पावणेदोन लाखांपर्यंतच.

जागा असतात कुठे? पर्वरीचं संजय स्कूल, ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीचं केशव सेवा साधना यांसारख्या विशेष शाळा आणि संस्था, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या कंत्राटी जागा, शाळांच्या रिसोर्स रूम, खासगी शाळा. शॅडो टीचरचं, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करण्याचं, काम पटकन मिळतं, पण पैसे पालक देतात. मुलाने शाळा बदलली की काम संपतं, आणि पालकांनी दिलेली चिठ्ठी अनुभवाचा दाखला म्हणून सहसा चालत नाही.

घरी जाऊन सत्रं घेणं हा जोडधंदा चांगला, फक्त महिन्याच्या सत्रांना बाराने गुणू नका. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, दहा दिवस कोणी बोलावत नाही, मे महिन्यात लोक गावाला, जुलैत पोरं तापाने आडवी. वर्षातले नऊ महिने धरा, पेट्रोल वजा करा. आणि स्पेशल एज्युकेटरने स्पीच थेरपीचे पैसे घेऊ नयेत. ते वेगळ्या नोंदणीचं काम आहे.

कायम जागांची आशा मात्र वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिकला १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मागे एक असं प्रमाण ठरवलं, आणि न्यायालयाने २०२५ मध्ये राज्यांना ही पदं अधिसूचित करायला सांगितलं. जाहिरात निघेल त्या दिवशी कागद तयार हवेत: मामलेदाराकडचा १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, जाहिरातीत मागितली असेल तर टीईटी, आणि चालू मुदतीचा सीआरआर नंबर. कोंकणी आवश्यक आणि मराठी इष्ट, ही अट गोव्याच्या सरकारी जाहिरातींत ठरलेलीच. मराठी शाळेत शिकलेल्यांना घरची कोंकणी येते, पण ती देवनागरीत सफाईने लिहिण्याचा सराव नसतो. तो आधीच करा.

सीआरआर नंबरच्या बाबतीत वेळ फार जातो. निकाल लागणं, गुणपत्रिका मिळणं, ऑनलाइन अर्ज, त्यात काढलेल्या त्रुटी यांत काही महिने सहज निघून जातात, आणि हप्त्याच्या सवलतीचं ते एकच वर्ष त्यातच खर्ची पडतं. शेवटच्या परीक्षेआधीच नावाचं स्पेलिंग दहावीपासूनच्या सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का बघून ठेवा. अर्ज बहुतेक त्याच्यावरच अडतो. नंबरचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी सीआरई, म्हणजे नोंदणीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, कार्यक्रमांचे गुण जमवावे लागतात. त्या कार्यशाळांची फीही वर्षाच्या खर्चात धरा.

कंत्राट मध्येच तुटलं तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जांच्या यादीत, जातं. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते, तेव्हा त्यांचाही सिबिल स्कोअर पडतो, आणि धाकट्या भावाच्या कर्जाला तीच बँक मग नाही म्हणते.