काळी-पिवळी टाकायचीय? आधी बॅज, मग परमिट, गाडी सगळ्यात शेवटी

स्टॅन्डवर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी येतं आणि विचारतं, भाऊ टॅक्सी टाकायचीय, वॅगनआर घेऊ की इको? मी दरवेळी डोक्याला हात लावतो. आमच्या चाळीतल्या एका पोराने हेच केलं, सेकंडहॅन्ड गाडी आधी उचलली, पांढऱ्या नंबरप्लेटची म्हणजे प्रायव्हेट, मग विचारायला आला की आता हिला काळी-पिवळी कशी करायची. चार महिने गाडी गल्लीत धूळ खात उभी, बँकेचा हप्ता चालू, आणि हा दुसऱ्याच्या गाडीवर रातपाळी मारतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, मुंबईच्या मीटर टॅक्सीबद्दल. ॲपवाल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यात इथे शिरत नाही.

पहिलं म्हणजे जायचं कुठे. बऱ्याच जणांना वाटतं टॅक्सीचं सगळं महापालिका बघते, तसं काही नाही. लायसन्स, बॅज (पॅसेंजर बसवून गाडी चालवायची तुमची परवानगी), परमिट (गाडी टॅक्सी म्हणून चालवायची परवानगी), पासिंग (गाडीची फिटनेस तपासणी) हे सगळं आरटीओचं काम, म्हणजे शहरात असाल तर ताडदेव (एमएच ०१), पश्चिम उपनगरात अंधेरी (०२) किंवा बोरिवली (४७), आणि पूर्वेकडे वडाळा (०३). भाडं किती घ्यायचं ते मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. मीटर बरोबर चालतो की नाही ते वैधमापन खातं, म्हणजे वजन-मापं तपासणारं खातं बघतं, आणि रस्त्यावर पावती फाडतो तो ट्रॅफिकवाला. चार ठिकाणं, चार साहेब, एकाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं, म्हणून कागदांची फाईल स्वतःजवळ ठेवायची, एजंटकडे नाही.

आता बॅज. साधं कारचं लायसन्स असेल तर ते एक वर्ष जुनं पाहिजे आणि तुमचं वय २० पूर्ण पाहिजे. आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये केंद्राने काढून टाकली, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कोणी अडवलं तर ऐकून घेऊ नका. मेडिकल लागतं, फॉर्म १ए, त्यावर रजिस्टर्ड डॉक्टरची सही. आता इथे एक घोळ आहे जो स्टॅन्डवर रोज चघळला जातो: सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये आणि परत नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या बेंचने सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंतची हलकी गाडी चालवायला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का नको. हे ऐकून लोक म्हणतात मग बॅज कशाला? अरे बाबा, तो मुख्यतः ॲक्सिडेंटनंतर इन्शुरन्स कंपनीने पैसे नाकारायचे की नाही याचा वाद होता. पॅसेंजर बसवून भाडं घ्यायचं असेल तर राज्याच्या नियमाप्रमाणे बॅज लागतोच.

बॅजसाठी डोमिसाइल लागतं, म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचं, आणि पोलीस व्हेरिफिकेशन. मराठीचं कामापुरतं ज्ञान पाहिजे असंही नियमात लिहिलंय, आपल्याला त्याचं टेन्शन नाही. जास्त वेळ जातो तो पोलीस व्हेरिफिकेशनला, त्यामुळे ते पहिल्यांदा टाका आणि डोमिसाइलसाठी तहसीलला दुसरीकडून चालू ठेवा, एक झालं की दुसरं असं करत बसलात तर सहा महिने असेच जातील. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर लायसन्सवरचा पत्ता आणि आधारचा पत्ता एकच करून घ्या आधी, नाहीतर चौकीतला हवालदार एका पत्त्यावर जातो आणि तुम्ही दुसऱ्या पत्त्यावर वाट बघताय. माझ्या बाबतीत हेच झालं होतं, तो येऊन गेला, शेजारणीने सांगितलं इथे असा कोणी राहत नाही, तिची पण चूक नाही, ती महिन्यापूर्वीच राहायला आलेली.

बॅज हातात आला की लगेच स्वतःची गाडी टाकायचीच असं काही नाही. वर्षभर मालकाच्या गाडीवर शिफ्ट मारा. शिफ्टचे ठरलेले पैसे मालकाला, गॅस तुमचा, उरलं ते खिशात. धंदा जमतोय का, कंबर साथ देतेय का, रात्री दारू पिऊन बसणाऱ्याला उतरवता येतं का, हे सगळं दुसऱ्याच्या गाडीवर कळलेलं बरं.

परमिटचं मात्र नीट वाचा. नवीन परमिटसाठी आरटीओ आधी इरादापत्र देतं, म्हणजे तुम्हाला परमिट द्यायला आम्ही तयार आहोत, आता ठरलेल्या मुदतीत गाडी आणा. गाडी घ्यायची ती हे पत्र हातात आल्यावर. शोरूममध्येच सांगायचं की टॅक्सीत पासिंग करायचीय, रजिस्ट्रेशन ट्रान्सपोर्टमध्ये होतं, पिवळी प्लेट काळे आकडे, खाली काळी बॉडी आणि वर पिवळा टप. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि पिवळे आकडे.

दुसरा रस्ता जुनं परमिट घ्यायचा, आणि इथेच माणसं सर्वात जास्त बुडतात. कोणीतरी म्हातारा मालक असतो, गावी जायचं असतं त्याला, म्हणतो परमिट नावावर करायची कटकट कशाला, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, मुखत्यारपत्र करून देतो, गाडी तुझी. स्वस्तात मिळतं म्हणून लोक घेतात. करू नका. परमिट नावावर व्हायला परिवहन प्राधिकरणाची परवानगी लागते, ती नसेल तर कायद्याच्या नजरेत गाडी त्याचीच, चलान त्याच्या मोबाईलवर जाणार, इन्शुरन्सचा क्लेम त्याच्या नावाने, आणि उद्या तो गेला की त्याची पोरं येऊन म्हणणार काका गाडीची चावी द्या. तुमच्याकडे फक्त स्टॅम्प पेपर. शिवाय परमिट नसताना किंवा परमिटच्या अटी मोडून गाडी चालवली तर २०१९ पासून दंड १० हजार आहे.

आणि घरातच परमिट असेल, वडिलांचं वगैरे, आणि ते वारले, तर दुःखात कोणाला सुचत नाही पण तारखा लक्षात ठेवा. गेल्यापासून ३० दिवसांत आरटीओला लेखी कळवायचं की परमिटधारक वारले आणि गाडी मी चालवणार आहे, म्हणजे तीन महिने त्याच परमिटवर गाडी चालवता येते, आणि त्याच तीन महिन्यांत परमिट स्वतःच्या नावावर करायचा अर्ज टाकायचा. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत पहिला महिना निघून जातो, म्हणून मृत्यूचा दाखला काढायला जाल तेव्हाच चार-पाच कॉपी जास्त घ्या आणि एक सरळ आरटीओत देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची, सही-शिक्का असलेली.

परमिट पाच वर्षांचं असतं. रिन्यूचा अर्ज संपायच्या कमीत कमी १५ दिवस आधी द्यायचा असतो, संपल्यावर नाही.

सेकंडहॅन्ड टॅक्सी घेत असाल तर आरसी बुकवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद आहे का बघा, बँकेचा बोजा उतरवल्याशिवाय काहीही पुढे सरकत नाही. आणि गाडीचं वय बघा. मुंबईत टॅक्सी २० वर्षं चालते, मग भंगारात, गाडी कितीही टकाटक असू दे. आपल्या पद्मिनीचं तेच झालं ना, शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला रजिस्टर झाली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना शेवटची पद्मिनी पण रस्त्यावरून गेली. लोक फोटो काढायला आले होते. चालवणाऱ्याला विचारा, पावर स्टीअरिंग नसलेली ती गाडी मे महिन्यात काळबादेवीच्या ट्रॅफिकमध्ये चालवणं काय असतं ते. तर १४ वर्षांची गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर हिशोब सहा वर्षांचाच करा. सीएनजीची टाकी पण बघा, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट करावी लागते, तारीख टाकीच्या प्लेटवर असते, तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस भरायला नाही म्हणू शकतात.

आता मीटर. सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात आणि ड्रायव्हरला स्वतःलाच तो कसा चालतो माहीत नसतं. मीटरला किलोमीटर कळत नाहीत, त्याला गाडीच्या फिरण्यातून पल्स येतात, ठराविक पल्स झाल्या की एक टप्पा पुढे. म्हणून टायर बदलताना लहान साईजचे टाकलेत तर चाक जास्त फिरणार, पल्स जास्त येणार आणि मीटर जोरात पळणार, तुम्ही काही न करता. पॅसेंजरने तक्रार केली की तुम्ही चोर. टायरची साईज बदलली तर मीटर परत चेक करून घ्या.

मीटरचं चक्र असं: मान्यता असलेल्या मीटरवाल्याकडे कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर बरोबर लावून घेणं, मग तपासणी आणि सील, मग गाडी प्रत्यक्ष चालवून ट्रॅक टेस्ट. वैधमापनचं सर्टिफिकेट दर वर्षी. सील तुटलं तर ते तुम्ही तोडलं असंच धरलं जातं, म्हणून वायरिंगचं काम करायला गाडी गॅरेजला दिली तर मेकॅनिकला आधीच सांगा, मीटरच्या वायरला हात लावायचा नाही.

भाडं वाढलं की सगळ्यांचे मीटर एकदम बदलायचे असतात आणि मग लाईन लागते. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं २८ वरून ३१ झालं, पहिल्या दीड किलोमीटरला, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. २०.६६ ला दीडने गुणा, ३१ येतात, म्हणजे कमीत कमी भाडं काही हवेतून येत नाही. किलोमीटरचा दर कुठून येतो तर गॅसचा भाव, गाडीची किंमत, मेन्टेनन्स, महागाई असा फॉर्म्युला आहे, आधी सरकारने नेमलेल्या हकीम समितीचा होता, मग खटुआ समितीचा आला. पाच किलोमीटरचं भाडं साधारण १०३ होतं. रात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत पंचवीस टक्के जास्त, म्हणजे तेच भाडं १२९ च्या आसपास. मीटर बदलेपर्यंत टॅरिफ कार्डवर, म्हणजे जुन्या मीटरच्या आकड्याला नवं भाडं किती ते दाखवणाऱ्या कार्डावर भाडं घेता येतं, पण कार्ड पॅसेंजरला दाखवायचं, तोंडी आकडा सांगायचा नाही, आणि फोटोकॉपीच्या दुकानातलं कार्ड तर बिलकुल नको, आरटीओने मान्य केलेलंच ठेवा. कॅलिब्रेशनला मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर अख्खा दिवस गेला समजा. पहिल्या पंधरा दिवसांत जा.

बाकी तारखा. नवीन गाडीला पासिंग दोन वर्षांचं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. पासिंगला जाताना लाईट, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर, फर्स्ट एड, आग विझवायचं सिलेंडर, आणि रंग नीट पाहिजे, डागडुजी केलेल्या दरवाजाला अर्धवट प्रायमर असेल तर परत पाठवतात. पासिंग उशिरा केलं की दिवसाला ५० रुपये असा २०१६ चा केंद्राचा नियम आहे, २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सीवाले त्यावरून पेटले आणि राज्य सरकारने स्थगिती दिली. पण स्थगिती म्हणजे नियम रद्द नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांचं, संपून एक वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना वर्षाची. इन्शुरन्स दर वर्षी, आणि तो टॅक्सीचाच पाहिजे, प्रायव्हेटचा स्वस्त पडतो म्हणून काढलात तर कागद असून नसल्यासारखा. मी काय करतो, सगळ्या तारखा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरी कॅलेंडरच्या मागे चिकटवल्यात, बायको महिन्याच्या एक तारखेला पान उलटते तेव्हा ओरडते. मोबाईलचा रिमाइंडर आपण बंद करतो, बायकोला बंद करता येत नाही.

कपडे खाकी किंवा मालक स्वतः चालवत असेल तर पांढरा, ही जुनी पद्धत, आणि बॅज दिसेल असा लावायचा, पैशाच्या गल्ल्यात ठेवायचा नाही.

भाडं नाकारण्याबद्दल लोक चिडतात आणि चिडणं बरोबर आहे. मीटर टॅक्सीने विनाकारण भाडं नाकारणं गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १७८, टॅक्सीला ५०० पर्यंत दंड. पण दंडापेक्षा तक्रार जड जाते, कारण ती आरटीओत गेली की बॅजवर येऊ शकते. शिफ्ट संपत आलीय आणि गाडी मालकाला द्यायचीय तर स्टॅन्डच्या लाईनीत उभंच राहू नका. लाईनीत पहिला नंबर लावून बसायचं आणि दादरवाल्याला नाही म्हणून एअरपोर्टवाल्याची वाट बघायची, हे बघितलं की पॅसेंजर मोबाईल काढून नंबरप्लेटचा फोटो घेतो, आणि तो मग तुमच्यापुरता राहत नाही, सगळा स्टॅन्ड बदनाम होतो.

एजंट घ्यायचा की नाही? फॉर्म भरायला, अपॉइंटमेंट घ्यायला घ्या हवा तर, अर्ज परिवहनच्या वेबसाईटवरून स्वतःही होतात, पोराला दहावीतल्या सांगा. पण ओरिजिनल कागद देऊ नका आणि अर्जावर मोबाईल नंबर स्वतःचाच टाका. माझ्या पहिल्या रिन्यूला एजंटने स्वतःचा नंबर टाकला होता, ओटीपी त्याला, मेसेज त्याला, आणि मला परमिट तयार आहे हे कळलं तीन आठवड्यांनी, ते पण दुसऱ्या ड्रायव्हरकडून. नंबर बदलून घ्यायला परत वेगळा अर्ज, वेगळी चक्कर. ताडदेवला सकाळी लवकर जा, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अडकलात की अर्धी शिफ्ट गेली.